३८ मिलिमीटर : पॉलिस्टरचा तंतू कापसाएवढा का कापतात?



आजचा लेख वाचण्याआधी एक काम करा. अंगावर शर्ट, कुर्ता जे काही असेल त्याच्या आतल्या शिवणीवरचं लेबल बघा. शंभर टक्के कॉटन असेल तर तुम्ही नशीबवान (किंवा खर्चिक!) आहात. बहुतेकांच्या लेबलवर पॉलिस्टर आणि कॉटन अशी दोन नावं आणि पुढे टक्केवारी असेल. आपल्या आईवडिलांच्या पिढीत यालाच टेरिकॉट म्हणायचे.

आता प्रश्न असा. पॉलिस्टर कारखान्यात तयार होतं. चकलीच्या सोऱ्यातून शेव पाडावी तसा वितळलेला रस बारीक भोकांच्या चकतीतून दाबून बाहेर काढतात. तो थंड झाला की तंतू तयार. तो मधे तोडायची काहीच गरज नसते, कित्येक मैल सलग निघू शकतो. तरीही तुमच्या टेरिकॉटच्या शर्टातला पॉलिस्टरचा तंतू मैलभर लांब नाही. कारखान्यात तो मुद्दाम सुरीने बारीक कापलेला आहे, आणि कापण्याचं सर्वात रुळलेलं माप आहे ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच.

सलग तंतू हातात असताना त्याचे दीड-दीड इंचाचे तुकडे का करायचे? आणि मग तेच तुकडे पुन्हा पिळून लांब सूत का काढायचं?

माझं पीएचडीचं काम पश्चिम भारतातल्या कापसाच्या इतिहासावर आहे, पॉलिस्टरवर नाही. पण माझ्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा कोणाला समजावून सांगायचा झाला की मी या ३८ मिलिमीटरपासूनच सुरुवात करते. कारण वऱ्हाडातल्या कापसाला दीडशे वर्षं 'हलका' ठरवणारी आणि पॉलिस्टरला कापायला लावणारी गोष्ट एकच आहे. ती म्हणजे सूतगिरणीतल्या दोन रुळांमधलं अंतर.

आधी थोडी उजळणी

शेतातून वेचून आणतात तो कापूस, त्यात सरकी असते. जिनिंगमध्ये सरकी काढली की उरते ती रुई. शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघाली त्याला उतारा म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. रुईचा एक एक केस म्हणजे तंतू. असे असंख्य तंतू ओढून, पिळून होतं ते सूत, आणि सूत विणून कापड.

बाजारात 'धाग्याची लांबी' म्हणतात ती खरं तर या तंतूची लांबी. आपल्याकडच्या वर्गवारीत २० मिलिमीटरपर्यंतचा कापूस आखूड धाग्याचा, त्यापुढे मध्यम, २७.५ पासून ३२ पर्यंत लांब आणि त्याहून जास्त असेल तर अतिलांब. माझे मामा अकोल्याकडे कापूस करतात. लहानपणी त्यांच्यासोबत एकदा गाडीवर बसून जिनिंगला गेले होते. खरेदीदाराने गाडीतून मूठभर कापूस उचलला, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढला, पुन्हा जुळवून पुन्हा ओढला, आणि "धागा कमी आहे" म्हणून भाव पाडला. सगळा मिळून अर्धा मिनिट लागला असेल. मामा काही बोलले नाहीत. परत येताना मी विचारलं, "मामा, धागा कमी म्हणजे काय?" ते म्हणाले, "त्याले माहीत." ('त्याला' म्हणजे खरेदीदाराला.) त्या उत्तराचा पाठपुरावा करता करता मी पीएचडीपर्यंत आले असं म्हणायला हरकत नाही.

हाताला आखूड तंतू चालत होता

भारतात हजारो वर्षं जो कापूस पिकला तो देशी कापूस. वनस्पतिशास्त्रात त्याच्या दोन जाती आहेत, गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम. अमेरिकेतून आलेली हिर्सुटम ही जात वेगळी. देशीच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकनच्या ५२. त्यामुळे दोघांचा संकर सहजासहजी होत नाही. मोहेंजोदडोला सापडलेलं सुती कापड देशी कापसाचंच म्हणावं लागेल, कारण तेव्हा या भूमीवर दुसरा कापूस नव्हताच.

या देशी कापसाचा तंतू बहुतेक वेळा आखूड असतो. मग इथे फक्त जाडंभरडं कापड होत होतं का? मुळीच नाही. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल 'फुटी कार्पास' नावाच्या देशी कापसापासून व्हायची, आणि त्याचाही तंतू लांब नव्हता. पण ते काम बघा कसं चालायचं. कापूस बोआल माशाच्या जबड्याच्या बारीक दातांनी विंचरायचा. सूत सकाळी किंवा संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना काढायचं. कातणारी बाई चिमटीतून तंतू सोडताना प्रत्येक क्षणी ठरवत असते की आता सैल सोडू की धरू, पीळ जास्त देऊ की कमी. तंतू आखूड असेल तर तिची बोटं जवळ येतात, लांब असेल तर लांब जातात. पेळू हातात असताना हे अंतर कुणी आखून दिलेलं नसतं.

ते आखून दिलं यंत्राने.

आर्कराइटचे रूळ

१७६९ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आर्कराइटने सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं. रुळांनी तंतू ओढायची कल्पना त्याच्याही आधीची, लुइस पॉल आणि जॉन वायट यांची. पण ती चालवून दाखवली आर्कराइटने. युक्ती साधी आहे. रुळांच्या एकामागे एक जोड्या लावायच्या. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते. मधून जाणारी रुईची वळी त्यामुळे ओढली जाऊन बारीक होते. नंतर तिला पीळ दिला की सूत.

आता दोन जोड्यांमधलं अंतर किती ठेवायचं? तंतूच्या लांबीपेक्षा कमी ठेवलं तर एकच तंतू दोन्ही जोड्यांच्या पकडीत सापडेल आणि तुटेल. जास्त ठेवलं तर आखूड तंतू मधे कुणाच्याच पकडीत नसतील. ते झुंडीने पुढे सरकतात. सूत एका जागी जाड, दुसऱ्या जागी पातळ होतं आणि पातळ जागी तुटतं. म्हणजे अंतर तंतूच्या लांबीहून जेमतेम जास्त हवं, आणि सगळे तंतू साधारण सारख्या लांबीचे हवेत.

इथे तुमच्यातला एखादा इंजिनीअर विचारेल की रूळ जवळ आणता येत नाहीत का? येतात, आणि आणतही. पण रुळालाही जाडी असते, त्यामुळे एका मर्यादेच्या आत ते जवळ येऊ शकत नाहीत. शिवाय आखूड तंतूंना एकमेकांत धरून ठेवायला पीळ जास्त द्यावा लागतो. पीळ जास्त म्हणजे त्याच वेळात सूत कमी. धागा वारंवार तुटतो, तो सांधायला माणसं लागतात. आणि एवढं करूनही फार बारीक सूत निघत नाही. गिरणीत सुताची बारीकी काउंटमध्ये मोजतात. ८४० यार्डांची एक लडी, अशा एका पौंडात २० लडी बसल्या तर २० काउंट, ४० बसल्या तर ४०. आखूड तंतूतून यंत्रावर १०-२० काउंटचं जाड सूत निघतं. धोतर-साडीचं बारीक सूत हवं तर लांब तंतू लागतो.

लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडून येणाऱ्या, साधारण इंचभर लांबीच्या कापसावर वाढल्या. गुलामांच्या श्रमावर पिकणारा तो कापूस स्वस्त होता, भरपूर होता आणि लांबीला बराचसा एकसारखा होता. यंत्रं त्याच्या मापाने बेतली गेली. त्यानंतर जगातला प्रत्येक कापूस त्या मापाशी तोलला जाऊ लागला, आणि तिथून वऱ्हाडची गोष्ट सुरू होते.

वऱ्हाडचा कापूस 'वाईट' कसा झाला

कंपनी सरकारला भारतातून अमेरिकन धाटणीचा कापूस हवा होता. १८४० साली अमेरिकेतून दहा मळेवाले पगारावर आणून भारतात वेगवेगळ्या भागांत पाठवले गेले. बहुतेक प्रयोग फसले. धारवाडकडे मात्र अमेरिकन बियाणं रुजलं, 'धारवाड-अमेरिकन' म्हणून ते बाजारात ओळखलं जाऊ लागलं.

१८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरचा कापूस बंद पडला. मुंबईत पैशांचा पाऊस पडला आणि १८६५ला युद्ध संपताच सगळं कोसळलं, ही कथा तुम्ही वाचलेली असेल. तिची दुसरी बाजू इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये आहे. भारतातून गेलेल्या कापसाला तिथे सरसकट 'सुरत' म्हणत. हा कापूस यंत्रावर चढला की धागे तुटायचे, आणि कामगाराला मजुरी मिळायची ती निघालेल्या सुतावर. त्याची कमाई घसरली. 'सुरत' हा शब्द तिकडे टाकाऊ मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. देवा, कापूस दे पण सुरती नको, अशा अर्थाची प्रार्थना केल्याचा किस्साही सांगतात.

भारतीय कापसात भेसळ होत होती हे खरं आहे. माती, सरकी, पाणी सगळं मिसळलं जायचं आणि ते रोखायला १८६३ साली मुंबईत कायदाही झाला. पण भेसळ आणि तंतूची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळच्या लिखाणात मात्र त्या एकमेकांत मिसळून जातात. आखूड तंतू हासुद्धा जणू शेतकऱ्याच्या लबाडीचा किंवा आळसाचा पुरावा.

यादवीच्या काळातच मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कापसाकडे सरकारचं लक्ष वळलं. पुढे त्यासाठी कॉटन कमिशनर नेमला गेला, त्याचं नाव रिव्हेट-कार्नाक. या भागात 'बनी' नावाचा देशी कापूस होता. हिंगणघाटच्या नावाने तो प्रसिद्ध होता. देशी असूनही त्याचा तंतू चांगला लांब आणि मऊ होता. हेच बियाणं सगळीकडे पसरावं अशी सरकारची इच्छा होती. रेल्वे आली, १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावची शाखा उघडली. सगळं जुळून आलं होतं.

आणि शेतकऱ्यांनी नेमकं उलट केलं. पुढच्या काही दशकांत बनी मागे पडला आणि आखूड, भरड तंतूच्या 'जरी' कापसाने वऱ्हाड-खानदेश व्यापला.

जुन्या अहवालांत याला सरळ 'ऱ्हास' म्हटलंय. माझ्या संशोधनातला वादाचा मुद्दा हाच आहे, की हा ऱ्हास नव्हता, हिशेब होता. बनीचा उतारा साधारण पाव भागाच्या थोडा वर, म्हणजे १०० किलो कापसात पंचवीस-अठ्ठावीस किलो रुई. जरीमधून पुढे निवडलेल्या 'रोझियम' वाणाचा उतारा चाळीसच्या घरात जायचा. शिवाय जरी लवकर यायचा आणि काटक होता. बनीला भाव थोडा जास्त मिळायचा, पण रुईच्या वजनात जे जायचं ते भरून निघेल इतका नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय पेरलं असतं?

आणि आखूड कापसाला गिऱ्हाईक होतं! मुंबईच्या गिरण्या (पहिली यशस्वी गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची, १८५४ साली स्थापन झालेली) जाड सूत काढून चीनला पाठवत. १८७७ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८९३ला मुंबई-जपान थेट जहाजसेवा सुरू झाली आणि जपानी गिरण्या हा माल उचलू लागल्या. व्यापारात त्याचं नाव 'ऊमरा', म्हणजे इंग्रजांच्या तोंडातली आपली अमरावती. जपान्यांनी एक वेगळी वाट काढली होती. ते आखूड भारतीय आणि लांब अमेरिकन रुई मोजून मापून मिसळत आणि त्या मिश्रणातून स्वस्त, चालेलसं सूत काढत. लँकेशायरला जो कापूस नको होता, त्याच कापसाचा जपानच्या गिरण्यांना मोठा आधार झाला.

म्हणजे कापूस तोच, तंतू तेवढाच. एका गिरणीत तो शिवी झाला आणि दुसरीत भांडवल.

माटुंग्याचा निकाल

पहिल्या महायुद्धानंतर मात्र लांब तंतूचा आग्रह संस्थांमधून पक्का होत गेला. १९१७-१८च्या इंडियन कॉटन कमिटीनंतर १९२१ला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२४ला या कमिटीने मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा काढली. (आजही ती तिथेच आहे, आता तिचं नाव सिरकॉट.) कृषी खात्याने शोधलेला नवा वाण तिथे जायचा, छोट्या यंत्रांवर त्याचं सूत काढलं जायचं, आणि तो किती काउंटपर्यंत कातता येतो ते ठरायचं.

हे काम फार काटेकोर होतं आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की अकोल्याच्या शेतात काय पेरावं याचा एक मोठा निकष माटुंग्याच्या रुळांनी ठरवला. पाऊस लांबला तर वाण तग धरतो का, उतारा किती, शेतकऱ्याला खर्च किती, हेही बघितलं जायचं. तरी शेवटी 'सुधारित' या शब्दाचा अर्थ बाजारात मुख्यतः 'जास्त लांब' असा झाला.

आखूड तंतूवर विसंबण्यात धोकाही होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९३३ साली व्यापारी करांच्या भांडणात जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. तो १९३४च्या करारापर्यंत चालला, आणि एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली बाजारपेठ किती कच्ची असते ते सगळ्यांना दिसलं. त्यामुळे 'लांब तंतू वाढवा' म्हणणारे सगळे साहेबांचे हस्तक होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यात शेतकऱ्याचं भलं चिंतणारेही पुष्कळ होते.

मग १९४७. फाळणीत पंजाब आणि सिंधमधला अमेरिकन कापसाचा मोठा पट्टा पाकिस्तानात गेला, गिरण्या बहुतेक इकडे राहिल्या. लांब तंतूचा तुटवडा पडला आणि तो भरून काढायला परकीय चलन खर्चून कापूस आणावा लागला. आता लांब तंतू हा देशाच्या स्वावलंबनाचा प्रश्न झाला. १९७० साली सुरतेच्या केंद्रातून 'एच-४' हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस आला. १९८०च्या दशकात नांदेडचा 'एनएचएच ४४' महाराष्ट्रभर गेला. २००२ला बीटीला परवानगी मिळाली. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या बहुतांश कापसाच्या रानात देशी जाती होत्या. आज त्या अगदी थोड्या रानात उरल्यात.

आता पॉलिस्टरकडे

एवढा फेरफटका मारल्यावर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला दिसू लागलं असेल.

माणसाने तंतू बनवायला घेतला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कापूस नव्हता, रेशीम होतं. रेशमाचा किडाही तोंडातून सलग धागाच सोडतो. फ्रान्समध्ये शार्दोने याने बनवलेलं कृत्रिम रेशीम १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी बघितलं. १८९२ला क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस बनवण्याची पद्धत शोधली. पुढे त्याला रेयॉन म्हणू लागले. चमकदार, सलग, रेशमासारखं. आपल्याकडे 'आर्ट सिल्क' म्हणतात ते यातलंच.

पण रेशीम नेसणारे किती आणि सुती घालणारे किती? खरी बाजारपेठ सुती कापडाची होती. आणि जगभर सूतगिरण्यांमध्ये लाखो चात्या आधीच उभ्या होत्या, इंच-दीड इंचाच्या तंतूसाठी बेतलेल्या. त्या मोडून नवी यंत्रं उभारण्यापेक्षा तंतूच त्यांच्या मापाचा केला तर? आधी रेयॉनचा वाया गेलेला माल कापून सूत काढून बघितलं गेलं. पहिल्या महायुद्धात कापूस मिळेनासा झाला तेव्हा जर्मनीने हा मार्ग धरला, आणि १९३०च्या दशकात जर्मनी, इटली, जपान यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला. या कापलेल्या तंतूला स्टेपल फायबर म्हणतात. स्टेपल हा मुळात कापसाच्या आणि लोकरीच्या बाजारातला शब्द. कारखान्यातल्या तंतूला नावही तिथूनच मिळालं.

पॉलिस्टरचा शोध १९४१चा, इंग्लंडमधले व्हिनफील्ड आणि डिक्सन यांचा. ते ज्या कंपनीत होते तिचं नाव कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्यांची कंपनी! तिथून आलं टेरिलीन. भारतात १९५४ला ग्रासिमने नागद्याला व्हिस्कोसचा स्टेपल तंतू बनवायला सुरुवात केली, आणि १९६५ला ठाण्याच्या केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडियाने 'टेरीन' या नावाने पॉलिस्टर आणलं. टेरीन अधिक कॉटन, टेरिकॉट. नेहमीचं प्रमाण ६७ टक्के पॉलिस्टर, ३३ टक्के कापूस.

आता बघा गंमत. पॉलिस्टरचा सलग तंतू एकदम गुळगुळीत आणि सरळ असतो. त्याला आधी मुद्दाम कुरळं करतात, कारण कापसाच्या तंतूला नैसर्गिक पीळ असतो आणि तसं काही असल्याशिवाय तंतू एकमेकांना धरत नाहीत. मग त्याला कापतात, ३८ मिलिमीटर. सगळे तुकडे अगदी एकसारखे. कुठे आखूड नाही, कचरा नाही, काडी नाही. मग गाठी बांधतात, कापसासारख्या. त्या गाठी गिरणीत यायच्या आणि लालबाग-परळच्या रिंग खात्यात, जिथे काल कापूस चालत होता, त्याच रुळांवर चढायच्या.

रुळांना हवा होता तसा तंतू त्यांना शेवटी मिळाला, आणि तो शेतातून आला नाही.

टेरिकॉटचं घराघरात काय झालं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. इस्त्री मोडत नाही, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं फाटत नाही. सुरुवातीला भारी कराने ते महाग होतं. लग्नात जावयाला टेरिकॉटचं कापड देणं म्हणजे मान होता. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने कुठला तंतू वापरायचा याची मोकळीक दिली, कर उतरत गेले, कारखाने मोठे झाले आणि पॉलिस्टर स्वस्त होत गेलं. आज जगात तयार होणाऱ्या सगळ्या तंतूंमध्ये अर्ध्याहून जास्त एकटं पॉलिस्टर आहे, कापूस पाव भागाहूनही कमी. साधा सुती शर्ट ही आता जरा ऐपतीची गोष्ट झालीय.

मग यातून काय घ्यायचं?

मला एवढंच म्हणायचंय की 'चांगला तंतू' ही निसर्गाने दिलेली पदवी नाही. तो कुठल्या यंत्राशी, कुठल्या बाजाराशी जुळतो त्यावर ते ठरतं. याचा एक पुरावा १९६७चा आहे. तेव्हा चेकोस्लोव्हाकियात ओपन-एंड कताईचं यंत्र बाजारात आलं. त्यात रुळांच्या जोड्यांनी ओढून सूत बारीक करण्याची पायरीच नाही, तंतू सुटे करून फिरत्या वाटीत पिळतात. या यंत्राला आखूड तंतू चालतो. डेनिम, टॉवेल असं जाड सूत त्यावर मजेत निघतं. समजा हे यंत्र शंभर वर्षं आधी आलं असतं, तर वऱ्हाडच्या जरीला कुणी 'ऱ्हास' म्हटलं असतं का?

दुसरा पुरावा परभणीचा. तिथल्या कृषी विद्यापीठाने लांब तंतूचे देशी वाणच तयार केले, 'परभणी तुराब' हा त्यातला एक. म्हणजे देशी कापूस आणि लांब तंतू यांचं वैर निसर्गात नव्हतं. देशीवर तेवढं काम करावं असं फार उशिरा वाटलं, एवढंच. देशी कापूस कमी पाण्यात तग धरतो, रसशोषक किडींना तो अधिक दाद देत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला हे गुण किती मोलाचे आहेत हे मी सांगायला नको. पण खरेदीच्या वेळी अंगठ्याच्या चिमटीत हे गुण मोजता येत नाहीत, लांबी तेवढी मोजता येते.

देशीकडे परत जा असा उपदेश मी करणार नाही. मामांच्या खर्चाचा हिशेब मामांनाच करायचा असतो. त्यांच्या आजोबांच्या पिढीनेही तो केला होता आणि अहवालवाल्यांनी त्याला अडाणीपणा म्हटलं होतं, तीच चूक मला उलट्या बाजूने करायची नाही.

मागच्या दिवाळीत मामांकडे गेले तेव्हा वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या भरलेल्या, आणि सगळ्यांच्या अंगावर पॉलिस्टरच्या साड्या, वरून उन्हासाठी घातलेले नवऱ्याचे जुने टेरिकॉटचे शर्ट. मी मामांना ते ३८ मिलिमीटरचं सगळं सांगितलं. रूळ, अंतर, माटुंगा, ठाणे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बोंडातून थोडा कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून खरेदीदारासारखा ओढला आणि माझ्यासमोर धरला. "हा किती भरते?"

माझ्याकडे पट्टी नव्हती. अंदाजाने म्हटलं, अठ्ठावीस-एकोणतीस असेल.

"म्हणजे अजूनही कमीच," मामा म्हणाले.

तर मंडळी, पुढच्या लेखात जपानी गिरण्यांच्या मिसळण्याच्या पद्धतीबद्दल सविस्तर लिहीन. तोवर एक विनंती. तुमच्या घरात कुणी गिरणीत रिंग खात्यात काम केलं असेल आणि टेरिकॉट आलं तेव्हा कामात काय फरक पडला हे त्यांना आठवत असेल, तर मला नक्की कळवा. अहवालांमध्ये चात्यांची संख्या सापडते, पण तुटलेला धागा सांधणाऱ्या बोटांना काय वाटलं ते फारसं कुठे सापडत नाही.